युद्धाची बदलती कारणे आणि सत्याची साक्ष



पनवेलहून चौकमार्गे खोपोलीस येणारा आणि तेथून बोरघाट चढून खंडाळ्याकडे जाणारा रस्ता कर्जत-खालापूरच्या रहिवाशांच्या रोजच्या पायाखालचा आहे. घाटाच्या तोंडाशी, खोपोलीत, नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही उभे आहे. 1781 सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत याच घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी जनरल गॉडर्डच्या हाताखालील इंग्रजांची फौज तळ देऊन होती, आणि मराठी सरदारांच्या फौजा पनवेलहून येणारी तिची रसद तोडीत होत्या. त्या फौजेतील एखाद्या हिंदी शिपायाला कोणी विचारले असते, की बाबा रे, तू येथे कशासाठी मरतो आहेस, तर त्याने काय उत्तर दिले असते? हा प्रश्न आम्ही सहज विचारीत नाही. युद्ध सुरू होऊन सहा वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात त्याचे जाहीर कारण तीन वेळा बदलले होते. म्हणून त्या शिपायाचे उत्तर तो कोणत्या वर्षी फौजेत भरती झाला यावर अवलंबून राहिले असते.

आपल्या दाराशी घडलेली ही हकीकत आज पुन्हा वाचण्याजोगी आहे. राज्यकर्ते युद्धासाठी एक कारण सांगतात, ते खोटे ठरले की दुसरे पुढे करतात, तेही ढासळले की तिसरे. अशा वेळी अल्लाहपुढे जबाबदार असलेल्या माणसाने काय करावे, काय मानावे आणि काय बोलावे, हा या लेखाचा विषय आहे.

एक मागणी, अनेक कारणे

प्रथम घटनांचा क्रम पाहू. 1772 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी थॉमस मॉस्टिन याला आपला वकील म्हणून पुण्यास पाठविले. साष्टी बेट आणि वसई ही ठिकाणे कंपनीच्या पदरात पाडून घेणे हे त्याच्याकडे सोपविलेले एक मुख्य काम होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या वेळी पुण्यात कोणताही तंटा उभा राहिला नव्हता. मागणी होती, कारण अद्याप सापडावयाचे होते.

30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले, परंतु पुढच्या एप्रिलमध्ये नारायणरावांच्या विधवेला पुत्र झाला आणि बारभाईंनी त्या बालकाच्या नावाने कारभार हाती घेतला. या गोंधळात 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. सांगितलेले कारण असे होते, की साष्टी परत जिंकण्यासाठी पोर्तुगीजांचे आरमार येत आहे, तेव्हा ते बेट त्यांच्या हाती पडण्यापूर्वी आपण घेतलेले बरे. हे पहिले कारण.

तीनच महिन्यांनी, मार्च 1775 मध्ये, सुरतेस रघुनाथरावांशी तह झाला. आता कारण असे, की रघुनाथराव हेच खरे पेशवे असून त्यांना त्यांचा हक्क मिळवून द्यावयाचा आहे. मोबदल्यात त्यांनी इंग्रजांना द्यावयाचे काय? साष्टी आणि वसई. पोर्तुगीज आता कोणाच्या बोलण्यात नव्हते. हे दुसरे कारण.

कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने हे युद्ध अन्याय्य आणि परवानगीवाचून केलेले ठरविले. त्यांचा वकील अप्टन याने 1 मार्च 1776 रोजी पुरंदर येथे तह केला आणि सुरतेचा तह रद्द झाला. येथे युद्ध संपावयास हवे होते, कारण ज्यासाठी ते सुरू झाले म्हणत, ते कारण त्यांच्याच वरिष्ठांनी नाकारले होते. परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि मुंबईकरांनी रघुनाथरावांना आपल्याजवळ ठेवून घेतले. एवढ्यात 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला आणि नानांनी त्याचा सत्कार केला. लगेच तिसरे कारण तयार झाले : पुणे दरबार फ्रेंचांना किनाऱ्यावर पाय रोवू देणार, म्हणून पुण्यात आपल्या विश्वासातील कारभार हवा. आता ज्या बालकाचा हक्क 1775 मध्ये अमान्य केला होता त्याचेच नाव कायम ठेवून रघुनाथरावांना केवळ त्याचे कारभारी म्हणून बसविण्याची योजना झाली. खरा पेशवा कोण, या प्रश्नावर आधी रक्त सांडले होते, आणि तो प्रश्न आता गुपचूप बाजूला ठेवण्यात आला.

1778 च्या नोव्हेंबरात सुमारे 3,900 माणसांची फौज मुंबईहून निघाली आणि पनवेल, खालापूर या मार्गाने बोरघाट चढली. कार्ले येथे कॅप्टन स्टुअर्ट पडला. तळेगावाहून माघार घेताना फौज वडगावी कोंडली गेली आणि जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांनी करार लिहून दिला, की साष्टी परत करू, रघुनाथरावांना स्वाधीन करू आणि बंगालहून येणारी फौज थांबवू. त्या शब्दावर मराठ्यांनी पराभूत सैन्याला सुखरूप जाऊ दिले. परंतु घाट उतरून कोकणात येताच, बंगालची फौज थांबविण्यासाठी दिलेला हुकूम त्यांनी रोखून धरला. पुढे मुंबईकरांनी जाहीर केले, की असा करार करण्याचा आमच्या माणसांना अधिकारच नव्हता. पुन्हा युद्ध सुरू झाले. आता कारण होते गेलेली इभ्रत परत मिळविण्याचे. हे चौथे.

त्या चौथ्या कारणासाठी गॉडर्ड 1781 मध्ये खोपोलीत होता. पुण्याने घाबरून तह करावा अशी त्याची अपेक्षा होती. नानांनी कळविले, की आमचा दोस्त हैदरअली याला सोडून आम्ही तह करणार नाही. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांनी पनवेलपर्यंतचा रस्ता असुरक्षित केला. अखेर एप्रिलमध्ये गॉडर्ड मागे वळला. खोपोली ते पनवेल या माघारीत त्याची साडेचारशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. आणि ज्या गावांतून दोन्ही फौजांचे घोडे, बैल आणि बाजारबुणगे गेले, तेथील शेतकऱ्यांना हा उन्हाळा कसा गेला असेल याची कल्पना आपल्याला येऊ शकते. फौज गवत खाते, धान्य खाते, बैल ओढून नेते. कारण कोणतेही असो, वैरण तीच लागते.

17 मे 1782 रोजी साल्बाईचा तह झाला. रघुनाथरावांना महिना 25,000 रुपयांचा तनखा नेमून देऊन इंग्रजांनी त्यांना सोडून दिले. बाल सवाई माधवराव पेशवे म्हणून मान्य झाले. वसई परत गेली. साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. हैदरअलीशिवाय तह नाही असे म्हणणाऱ्या पुण्यानेही तह केला आणि हैदरने जिंकलेला मुलूख त्याच्याकडून सोडवून देण्याची हमी घेतली. तेव्हा शब्द सैल करण्याचा दोष एकाच जातीचा वा एकाच धर्माचा आहे असे कोणी समजू नये.

दुसऱ्याचे अंतःकरण कोणी उघडून पाहिले?

येथे एक धर्मनिष्ठ वाचक रास्त आक्षेप घेईल. कृतींचा निवाडा निय्यत पाहून होतो, ही हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेली सुप्रसिद्ध हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु निय्यत तर केवळ अल्लाह जाणतो. हजरत उसामा (रजि.) यांनी लढाईत कलिमा उच्चारणाऱ्या एका माणसाला ठार केले आणि तो केवळ जिवाच्या भीतीने बोलला असे सांगितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना खेदाने विचारले, की तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय. मग एखाद्या राज्यकर्त्याचे सांगितलेले कारण खरे नव्हते असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणावे? आणि माणसाच्या मनात एकाच वेळी अनेक हेतू असू शकत नाहीत काय? फ्रेंचांची भीती सर्वस्वी बनावट नव्हती. सेंट ल्युबिन खरोखर पुण्यात होता आणि 1778 मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्धही खरोखर पेटले होते.

आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर त्याच हदीसमध्ये आहे. हृदय चिरून पाहण्याची आपल्याला मनाई आहे. जे उघड्यावर घडले त्याकडे डोळे मिटण्याची परवानगी मात्र आपल्याला कोणी दिलेली नाही. कारण कधी सांगितले, ते केव्हा ढासळले आणि ढासळल्यावर सांगणाऱ्याने काय केले, या तिन्ही गोष्टी बाहेरच्या आहेत. त्या तारखांनिशी मांडता येतात. त्यासाठी कोणाच्या मनात डोकवावे लागत नाही.

कारण बदलणे स्वतः पाप नाही. नवी बातमी येते, परिस्थिती पालटते. प्रामाणिक माणूस अशा वेळी थांबतो. मी जे सांगितले होते ते चुकीचे निघाले, असे तो कबूल करतो आणि आता पुढे जावे की मागे फिरावे याचा नव्याने विचार करतो. त्या विचारातून युद्ध थांबण्याची शक्यता खरी असते. जेथे जुने कारण पडते आणि फौज एक पाऊलही न थांबता चालत राहते, तेथे ती फौज त्या कारणावर चालत नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते. भिंत काढली आणि छप्पर तसेच राहिले, तर ते छप्पर त्या भिंतीवर टेकलेले नव्हते. पवित्र कुरआनच्या सूरह कियामहमध्ये (75 : 14-15) मनुष्य कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःच स्वतःविरुद्ध साक्षीदार आहे, असा आशय आला आहे. सबबींची रांग हीच कित्येकदा ती साक्ष असते.

हजरत यूसुफ (अ.) यांचे भाऊ

या विषयावर कुरआनने आपल्याला एक पूर्ण हकीकत दिली आहे. सूरह यूसुफमध्ये भावांचे खरे कारण आपण सर्वप्रथम ऐकतो. यूसुफ आणि त्याचा सख्खा भाऊ वडिलांना अधिक प्रिय आहेत, ही जळफळाट त्यांनी आपसात बोलून दाखविली. त्यानंतर वडिलांपुढे जे कारण ठेवले ते निराळे होते : त्याला आमच्याबरोबर पाठवा, तो खाईल, खेळेल, आम्ही त्याचे रक्षण करू. आणि काम झाल्यावर तिसरे कथन आले, की लांडग्याने त्याला खाल्ले. सोबत खोट्या रक्ताने माखलेला सदरा.

वाचकहो, त्यातील एका बारकाव्याकडे लक्ष द्या. लांडग्याचा शब्द प्रथम कोणी काढला? स्वतः हजरत याकूब (अ.) यांनी. मुले मागणी घेऊन आली तेव्हा वत्सल पित्याने आपली भीती बोलून दाखविली, की तुमचे लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल. मुलांनी तीच भीती उचलली आणि संध्याकाळी रडत रडत तीच सबब करून आणली. राज्यकर्तेही कारण शोधण्यास फार दूर जात नाहीत. लोकांच्या मनात जी भीती आधीच बसलेली असते तीतूनच ते कारण उचलतात. अठराव्या शतकातील मुंबईत पोर्तुगीजांची भीती होती, मग फ्रेंचांची होती. म्हणून ज्या समाजाला आपल्या भीतीवर काबू नाही, त्याला कोणतेही युद्ध विकता येते.

आणि याकूब (अ.) यांनी काय केले? त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. त्यांनी कथन स्वीकारले नाही आणि तसे स्पष्ट बोलून दाखविले, की तुमच्या मनानेच ही गोष्ट तुम्हाला सजवून दिली आहे. तरीही त्यांनी मुलांवर सूड उगविला नाही. सुंदर सबर आणि अल्लाहची मदत, एवढेच त्यांनी मागितले. सामान्य श्रद्धावंताला येथे पुरेसा मार्ग दाखविलेला आहे. खोट्याला होकार देऊ नये, आणि खोट्यावरील रागाने स्वतः अन्याय करू नये.

शब्द आणि शेवट यांचा मेळ

हेतू आणि कृती एकरूप असली म्हणजे काय होते, हे प्रेषित (स.) यांच्या चरित्रात पाहावे. हुदैबियाच्या तहाची शाई वाळली नसेल तोच अबू जंदल (रजि.) बेड्यांसह आश्रयास आले. सहाबींची अंतःकरणे फाटत होती. तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांना परत जावे लागले. अधिकार नव्हता, परिस्थिती बदलली, अशी कोणतीही सबब पुढे आली नाही. पुढे कुरैशच्या मित्रांनी कुरैशच्याच मदतीने मुसलमानांच्या मित्र असलेल्या खुजाआ कबिल्यावर हल्ला केला आणि तह मोडला. मक्केवर जाण्याचे कारण हेच होते. आणि मक्का हाती आल्यावर? वर्षानुवर्षे छळणाऱ्यांना सर्वसाधारण माफी मिळाली. सांगितलेल्या कारणामागे सूड किंवा लूट दडलेली असती, तर तो दिवस ती बाहेर पडण्याचा होता.

आपल्या इतिहासात अशीही घटना आहे, की एक शासक चुकीच्या दिशेने निघाला आणि सत्याच्या एका शब्दाने थांबला. हजरत मुआविया (रजि.) यांचा रोमी लोकांशी मुदतीचा तह होता. मुदत संपता क्षणी हल्ला करता यावा म्हणून ते आधीच फौज घेऊन सरहद्दीकडे निघाले. एक वृद्ध सहाबी, हजरत अम्र बिन अबसा (रजि.), घोड्यावरून ओरडत आले, की वचन पाळा, दगा करू नका. प्रेषितांचा आदेश त्यांनी ऐकविला, की तह असताना त्याची गाठ सोडू नये, अथवा समोरच्याला उघडपणे कळवावे. मुआविया (रजि.) फौजेसह माघारी फिरले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी ही घटना नोंदविली आहे. फौज माघारी फिरू शकते, हे येथे दिसते. तसे सांगणारा कोणी हवा आणि ऐकणारा हवा.

सूरह नहलमध्ये (16 : 92) कष्टाने कातलेले सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या स्त्रीचे उदाहरण देऊन बजाविले आहे, की एक गट दुसऱ्यापेक्षा बलवान झाला म्हणून शपथांना फसवणुकीचे साधन करू नका. वडगावचा शब्द केव्हा मोडला? ताज्या फौजेची आशा निर्माण होताच. आयतेचा अर्थ समजण्यास आपल्या घाटाखेरीज अन्य टिपेची गरज नाही.

आपल्यांचे आणि परक्यांचे

ही फूटपट्टी केवळ परक्यांसाठी ठेवली तर आपणही त्याच रोगाचे रोगी ठरू. 1990 मध्ये सद्दाम हुसेन यांनी आधी कुवेत आपले तेल चोरतो असा आरोप केला. 2 ऑगस्टला फौज आत घुसल्यावर कुवेतमधील क्रांतिकारकांनी आम्हाला बोलाविले असे सांगितले. 8 ऑगस्टला कुवेत इराकमध्ये विलीन झाल्याचे जाहीर केले. 12 ऑगस्टला त्याचा संबंध पॅलेस्टाइनच्या मुक्तीशी जोडला. हे ऐकून जगभरातील अनेक मुसलमानांच्या टाळ्या पडल्या. कारण पॅलेस्टाइनचे दुःख खरे होते, आणि आपल्या खऱ्या दुःखातूनच ती सबब कातलेली होती. येथेही लांडग्याचा शब्द आपणच पुरविला होता.

तेरा वर्षांनी त्याच इराकवर अमेरिका आणि ब्रिटन चालून गेले. 5 फेब्रुवारी 2003 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत संहारक शस्त्रास्त्रांचे पुरावे म्हणून बरेच काही दाखविण्यात आले. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. 2004 मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने तसे साठे नव्हते असा अहवाल दिला. तोवर कारण बदलून लोकशाहीची स्थापना आणि जुलमी शासकापासून मुक्ती हे झाले होते. शासक जुलमी होता, हे खरे. पण ज्या आईचे मूल पहिल्या कारणासाठी मारले गेले, तिला दुसरे कारण देऊन भरपाई होत नाही. मृत्यूला कारण एकदाच लागते. ते मागाहून बदलून देता येत नाही.

आपण काय करावे?

आपण सामान्य माणसे. आपल्या हाती फौज नाही, तह नाही. परंतु आपली जीभ आहे, आपला हातातील फोन आहे, आपले मत आहे, आणि घरात ऐकणारी मुले आहेत. सूरह हुजुरातने (49 : 6) बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा दिली आहे. युद्धाचे कोणतेही कारण पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मागणी आधी होती की कारण आधी? कारण पडले तेव्हा काही थांबले काय? आणि शेवटी ज्याच्या नावाने युद्ध झाले त्याला काय मिळाले, आणि ज्याने ते केले त्याच्याकडे काय राहिले? रघुनाथरावांना तनखा मिळाला, साष्टी इंग्रजांकडे राहिली. एवढ्यात पुष्कळ कळते.

आणि हेच तीन प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आत विचारण्याचे धैर्य ठेवावे. कर्जत-खालापूरच्या जमिनींना आज भाव आला आहे. अशा वेळी वारसांत वाटणीचा प्रश्न निघाला की काय घडते, हे आपण सर्व जाणतो. बहिणीला वाटा का नाही? आधी उत्तर येते, की तिच्या लग्नाला खर्च केला. तो हिशेब टिकत नाही, तेव्हा आईवडिलांची सेवा मी केली. बहिणीनेही केली असे निघाले, तेव्हा सातबारावर नाव माझे आहे. तेही टिकले नाही, तर तिने हक्कसोडपत्रावर सही दिली आहे. कारणे चार, मागणी एक. सूरह निसाने (4 : 11) ठरवून दिलेला हिस्सा या चारांपैकी एकाही कारणाने नाहीसा होत नाही. जो माणूस घरात असे बोलतो, तो राज्यकर्त्यांच्या लबाडीवर भाष्य करताना फार मोठ्याने बोलणार नाही, किंवा फारच मोठ्याने बोलेल.

त्याच सूरहमध्ये पुढे (4 : 135) न्यायावर ठाम उभे राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातेवाईकांविरुद्ध का जाईना. युद्धाच्या काळात या आज्ञेची किंमत सर्वांत जास्त असते, कारण त्या वेळी प्रश्न विचारणारा शत्रूचा मित्र ठरविला जातो. अम्र बिन अबसा (रजि.) यांनी आपल्याच फौजेसमोर घोडा आडवा घातला होता. त्यांचा तो शब्द आपल्याच फौजेच्या हिताचा होता, हे त्या फौजेच्या सेनापतीला समजले.

अल्लाह आपल्याला सत्य सत्य म्हणून दाखवो आणि त्याची साक्ष देण्याचे बळ देवो. आपल्या भीतीचा कोणाला व्यापार करू न देण्याची सद्बुद्धी तो आपल्याला देवो, आणि आपले शब्द व आपली निय्यत एक ठेवो. आमीन.